आधी गोल, मग नमस्कार

लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानासमोर, आमच्याच शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा पाय माझ्या घोट्याला सणकून लागला आणि ती तशीच पुढे निघून गेली. मी थांबले. दुखलं म्हणून नव्हे. आता ती वळेल, वाकून माझ्या पायाला हात लावील, तोच हात स्वतःच्या कपाळाला नेईल आणि मी सवयीने ‘असू दे, असू दे’ म्हणेन, म्हणून थांबले. ती वळली नाही. मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून खिदळत पोस्टाच्या बाजूला गेली. मी तिची ड्रिलची बाई आहे हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नसावं. पहिल्यांदा मला राग आला, शाळामास्तरणीच्या नाकावर कायम बसलेला असतो तोच. मग एकदम उमगलं की रागवायला आता काही कारणच उरलेलं नाही. पाय लागला तर नमस्कार करायची रीत मधल्या वर्षांत केव्हातरी निघून गेली होती. ती गेली तेव्हा कुणी सभा बोलावली नाही, कुणाचं नाव शाळेतून कापलं नाही, गॅदरिंगमधलं एक लेझीमसुद्धा रद्द झालं नाही. मी दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. चिक्कीवाल्याने स्टूल पुढे केलं, “अनसूयाबाई, चक्कर आली का?” म्हणाला. मी नाही म्हटलं, आणि बसले.

हे नेमकं त्याच दिवशी व्हावं. आदल्याच दिवशी नव्या हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं की सरकारला आता मुलींचा फुटबॉल हवा आहे. जिल्ह्याच्या स्पर्धा होणार, प्रत्येक शाळेने संघ काढावा असं वरून आलंय. “तुम्ही मागे कधीतरी असं काही केलं होतं ना?” त्यांनी विचारलं, म्हणजे मागे कधीतरी मी भरतकामाचा वर्ग काढला होता ना, अशा सुरात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी हो म्हटलं. बाहेर आले तर व्हरांड्यात केरबा शिपाई घंटेपाशी उभा. त्याला भिंतीआडचं सगळं ऐकू येतं. तो वडिवळ्याच्या बाजूचा. म्हणाला, “बाई, आमच्या वरच्या वाडीतल्या बायाची पोर लय पळती. रतन नाव. ससा बी मागं ऱ्हाईल.” बाया पूर्वी माझ्या घरी राहून गेलेली, पुढे त्याच वाडीत दिलेली; तिचं नाव त्याने सहज घेतलं, त्याला जुनं काही ठाऊक नव्हतं. मी रात्रभर त्या रतनला मैदानावर पळवत होते. सकाळी बाजारात केळी घ्यायला आले होते ती बायाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून, आणि तिथे हा पाय लागला. स्टुलावरून उठले, केळी घेतली आणि कामशेतची एसटी पकडली.

खिडकीशी जागा मिळाली. कार्ल्याचा फाटा गेला, खाचरांत नुसते धसकटांचे खुंट राहिले होते, आणि माझ्या डोक्यात आदा चालू लागली. आदा नायजेरियातली. तिचा नवरा आपल्याकडे नौदलाचं इंजिनिअरिंग शिकायला आला होता, तिच्या भाषेत आदा म्हणजे थोरली मुलगी, आणि ती स्वतः तिच्या गावच्या बायकांच्या फुटबॉल संघाची कप्तान होती. ही तिसरी गोष्ट तिने सांगितली तेव्हा मला ती थाप वाटली होती. पानशेत फुटलं त्या वर्षीचा पावसाळा नुकताच सरला होता. मी मुलींना लेझीम शिकवत होते आणि कुंपणापलीकडे ही काळीभोर, रुंद खांद्यांची बाई उभी. मुलींचे हात थांबले. गावाला तिचं तोवर नवल सरलेलं नव्हतं. पोरं तिच्या मागे चालायची, बायका पदर सावरून दुसऱ्या कडेला व्हायच्या, दूधवाल्याने तर माझ्या आईला विचारलं होतं की तिचा रंग भांड्याला लागतो का. आदाला हे सगळं कळत होतं. ती म्हणायची, बघू देत, बघून बघून डोळे थकतात. पुढच्या आठवड्यात ती काखेत चेंडू घेऊन थेट आत आली आणि इंग्रजीत मला म्हणाली, तुझ्या मुली हातांनी फार छान नाचतात, पायांचं काय? मला तिचा रागच आला होता. बाहेरून येऊन आम्हाला शिकवणारी ही कोण, असं वाटलं. पण तिने चेंडू नुसत्या पायाच्या चवड्यावर उचलला, गुडघ्यावर घेतला, पुन्हा चवड्यावर, आणि माझ्या पोटात आनंद झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, घरी आई, शाळेत लंगडी आणि खो-खो, आणि आपल्या आयुष्यात आता नवं काही व्हायचं नाही हे मी मुकाट मान्य करून टाकलं होतं.

मुली परकर खोचून खेळायला लागल्या. पळायच्या बऱ्या, लाथसुद्धा हळूहळू लागायला लागली. अडचण वेगळीच निघाली. फुटबॉलमध्ये पायाला पाय लागतोच, आणि आमच्या मुलीचा पाय दुसरीला लागला की ती जागच्या जागी थांबायची, वाकायची, त्या मुलीच्या पायाला हात लावून नमस्कार करायची. जिला लागला ती उलट हिला नमस्कार करायची. तोवर चेंडू लांब गेलेला. एकदा तर चेंडू गोलाच्या तोंडाशी आणि चार मुली एकमेकींच्या पाया पडताहेत, हे पाहून आदा गवतावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर तिने मला नीट विचारून घेतलं, हे काय आहे म्हणून. मी सांगितलं, समोरच्या माणसात देव असतो, त्याला पाय लावू नये, चुकून लागला तर माफी मागायची. वाईट नाही, म्हणाली. आमच्याकडे म्हातारे असं म्हणत की बाई खेळली तर तिचं गर्भाशय फिरतं, त्यापेक्षा हे पुष्कळ बरं. हे मोडायचं नाही. फक्त थोडं पुढे ढकलायचं. आणि तिच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिने मुलींना मंत्र दिला, “पहले गोल, बाद में नमस्कार.” मुलींनी त्याचं मराठी केलं. आधी गोल, मग नमस्कार. शाळेत, रस्त्यात, नळावर, त्या एकमेकींना ओरडून तेच म्हणायला लागल्या. मलाही ते फार शहाणपणाचं वाटलं होतं, अजूनही वाटतं.

बाया आमच्या शाळेतली नव्हती. तिची आई सावित्राबाई डोंगरावरच्या ठाकरवाडीतून लाकडाच्या मोळ्या विकायला लोणावळ्यात यायची, आणि मायलेकी मैदानाच्या कडेच्या जांभळीखाली टेकायच्या. एकदा चेंडू तिकडे गेला. तेरा-एक वर्षांच्या त्या पोरीने डोक्यावरची मोळी न उतरवता अनवाणी पायाने तो अडवला आणि तसाच, मोळीसकट, सरळ आदाच्या हातात परत पाठवला. आदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मला सावित्राबाईला विचारायला लावलं, हिला आम्ही ठेवून घेऊ का? सावित्राबाई म्हणाली, “ठिवा की. खाईल तेवढं काम करंल.” अशी बाया माझ्या घरी आली. आईच्या हाताखाली पाणी भरायची, भांडी घासायची, दुपारी शाळेत सगळ्यात मागे बसायची आणि संध्याकाळी खेळायची. अक्षरं तिला कष्टाने यायची, पण चेंडू पायाशी आला की तिचा चेहरा असा शांत व्हायचा की मी तसा चेहरा पुढे फार कमी लोकांचा पाहिला. संस्थेने तिला तात्पुरतं बसू दिलं होतं. संस्थेचे अध्यक्ष केशवराव सज्जन गृहस्थ होते, हे मला सांगायलाच हवं. हरिजन मुलांना त्यांनी कधी दारातून परत पाठवलं नव्हतं. ते म्हणाले, हा तुमचा खेळ आम्हाला एकदा दाखवा. समितीला आवडला तर पुढे चालू ठेवू, आणि त्या मुलीला आपल्या वसतिगृहात कायमची जागा देऊ, नादारीवर, फी माफ करून. नाही तर मग उगाच तिला आशेला कशाला लावायचं. सावित्राबाईचंही तेच होतं. पोरीला शाळेत जागा मिळाली तर राहू दे, नाही तर माघात नेते, मागणी आलेली आहे. एवढं सगळं एका संध्याकाळच्या खेळावर येऊन टेकलं.

कामशेतला उतरले. वडिवळ्यापर्यंत एका बैलगाडीवाल्याने घेतलं, पुढे डोंगराची पायवाट. गुडघे कुरकुरत होते, ड्रिलच्या बाईचे गुडघे म्हणून त्यांना काही सवलत नाही. चढताना मला आशा वाटत होती, हे मी लपवणार नाही. रतन बायासारखी असेल, पाय तसेच. या वेळी केशवराव नाहीत, वरून हुकूमच आहे. या वेळी कुणाला काही दाखवायचं नाही. असं काहीबाही मनात जुळवत मी दर वळणावर थांबत होते, आणि दर थांब्याला तो सामना पुन्हा सुरू होत होता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी त्या सामन्याला आली. अर्ध्या मुलींच्या घरून अर्धी चड्डी नको, म्हणून परकरच राहिले. दुसरा संघ नव्हता, म्हणून आमच्याच मुली दोन बाजूंना वाटल्या. केशवरावांची वासंती दुसऱ्या बाजूची गोलकीपर झाली, गोरी, गुबगुबीत, मनाने फार चांगली मुलगी. खुर्च्या मांडल्या, समितीची माणसं बायकामुलांसह आली, चहा झाला. सावित्राबाई जांभळीखाली होती, तिला खुर्चीत बसवायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. शिट्टी आदाकडे. पहिला बराच वेळ मुली नुसत्या चेंडूच्या मागे घोळक्याने धावल्या, लोक हसले, चांगलं हसले, केशवरावसुद्धा. मग चेंडू बायाला सापडला. तिने तो घोळक्यातून बाहेर काढला आणि एकटी निघाली. वासंती पुढे आली, खाली पडली, बायाचा पाय तिच्या खांद्याला लागला, कपाळालाही निसटता लागला असेल. बाया एक क्षण थबकली. मला तो थबकणारा पाय दिसला, अर्धवट वाकलेली पाठ दिसली. आणि मुलींपैकी कुणीतरी ओरडली, आधी गोल. बाया सरळ झाली, पुढे गेली, आणि चेंडू दोन दगडांच्या मधून पार कुंपणापर्यंत गेला.

एकही टाळी वाजली नाही. मला वाटलं लोकांना गोल कळलाच नाही. तोवर बाया मागे फिरली होती, धावत, हसत, नमस्कार करायला. ती वासंतीजवळ पोचली तेव्हा केशवराव खुर्चीतून उठून मैदानात आले होते. वासंती उठून बसली होती, “बाबा, मला काही नाही लागलं,” म्हणत होती. बाया वाकली, वासंतीच्या पायाला हात लावला, कपाळाला नेला. केशवराव तिच्याकडे बघत नव्हतेच. माझ्याकडे बघून, आवाज अजिबात न चढवता म्हणाले, “पाय लागला, आणि पोर पुढे गेली, अनसूयाबाई. हे आम्ही शिकवायचं का?” मी सांगितलं, ती आत्ता करतेय, बघा ना, खेळाचा नियमच तसा आहे, आधी गोल. जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगितलं. आदाने इंग्रजीत सांगितलं. केशवराव तिला अत्यंत आदराने म्हणाले की तुमच्या देशाची रीत वेगळी असेल. बायाला शब्द कळले नाहीत, पण काहीतरी चुकलंय हे कळलं, आणि नमस्काराने ते भरून येईल असं तिला वाटलं. तिने केशवरावांच्या पायाला हात लावला. मग माझ्या. मग खुर्च्यांकडे गेली आणि समितीच्या एकेकाच्या पाया पडत चालली, त्यांच्या बायकांच्या, त्यांच्या मांडीवरच्या पोरांच्या. माणसं पाय खुर्चीखाली ओढून घेत होती. शेवटी आदाने जाऊन तिला कमरेला धरून उचललं, एखादं लहान मूल उचलतात तसं, तेव्हा ती थांबली. उशिरा केलेला नमस्कार आमच्याकडे धरत नाहीत, एवढं आदाला मी शिकवायला हवं होतं. पण ते मलाच तोवर माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी सावित्राबाई तिला घेऊन गेली. चेंडू वर्षभर माझ्या कपाटात होता, मग हवा गेली. आदा उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर परत गेली.

वाडीत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. बाया अंगणात भात कांडत होती. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. मुसळ बाजूला ठेवून पदराला हात पुसले. अंग वाळलेलं, पुढचा एक दात पडलेला, आणि वय जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस.

“बाई, तुमी? हितं कशापायी आला एवढ्या चढाचं?”

तिने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. केळी तिने न बघता आत नेऊन ठेवली. मी दम खाल्ला आणि सांगितलं. शाळेत मुलींचा फुटबॉल सुरू होतोय, सरकारचाच हुकूम आहे, रतनला माझ्याकडे दे, माझ्या घरी राहील, शिकेल. बोलता बोलता माझाच आवाज मला तरुण वाटायला लागला. बाया ऐकत होती, मध्येच सुपातला खडा काढून टाकत होती.

“रतन हितं न्हाई,” ती म्हणाली.

“कुठे आहे?”

“तुमच्याच गावात. तुंगार्लीच्या अंगाला बंगला हाय, लाल फाटकाचा. मुंबैच्या शेठचा. दिवाळीपासनं तितं कामाला ठिवली. ऱ्हाती तितंच.”

त्या फाटकावरून मी रोज सकाळी शाळेत जाते. आत कुणीतरी मुलगी पायऱ्या पुसत असते, तिच्याकडे मी कधी नीट पाहिलेलं नव्हतं.

“मग तर सोपंच आहे,” मी म्हटलं. “मी शेठाणींशी बोलते. दुपारची दोन तास सोडा म्हणते.”

“नका बाई.”

“का?”

“तुमी बोलला की त्या म्हनतील, पोरीला शाळेची हाव सुटली. दुसरी बघतील. हिथं आमच्याकडं काय हाय तिला? तितं दोन टाइम जेवती.”

“बाया, आता पूर्वीसारखं नाही. काळ बदललाय.” आणि मी तिला सकाळचं सांगितलं. बाजारात माझ्या पायाला पाय लागला, पोर मागे वळलीसुद्धा नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मलासुद्धा नाही, असंही म्हटलं. हे मी पुरावा म्हणून सांगत होते.

बायाने हातातलं सूप खाली ठेवलं. “कुनाची पोर व्हती ती?”

“असेल कुणा दुकानदाराची. नाही तर डॉक्टरची.”

“मंग बराबर हाय,” ती म्हणाली. “आमच्या रतनचा लागू द्या, मंग बघा.”

मी नुसतं म्हटलं, “केरबा सांगत होता, पोर फार पळते.”

“पळती. वाडीतनं नदीपोत्तर पळत जायची. मी एकदा बघितलं आन् माझं मलाच भ्या वाटलं.” सूप पुन्हा हातात घेऊन ती म्हणाली, “मी लोकांम्होरं एकच दिस खेळले, बाई. त्यो लय चांगला गेला. सांजच्यापोत्तर. तिच्या वाट्याला तसा दिस नगं.” तिच्या बोलण्यात रडं नव्हतं, तक्रारही नव्हती. मी भांडायला आले असते तर बरं झालं असतं, कारण भांडणात माणूस हरतो तरी. इथे हरायलासुद्धा काही ठेवलेलं नव्हतं. खाली खाचरांवर सावली चढत होती आणि शेवटची गाडी गाठायची तर निघायला हवं होतं. मी उठले. बाया पायवाटेपर्यंत आली, मला घसरड्या दगडावरून हात धरून उतरवलं, आणि तिथे थांबली.

“आदाबाई कुटं असत्यात आता?”

तिच्या मुलखात पुढे युद्ध पेटलं होतं, आपसातलंच, तीन वर्षं चाललं. पोटं फुगलेल्या, काड्यांसारखे पाय झालेल्या पोरांचे फोटो वर्तमानपत्रांत रोज यायचे, आणि ते तिच्याच लोकांचे, तिच्याच बाजूच्या गावांचे होते. मी पाठवलेली दोन पत्रं परत आली होती.

“तिच्या गावी,” मी म्हटलं.

“बऱ्या हायत?”

“बऱ्या आहेत.”

“आन् तितल्या पोरी? खेळत्यात त्यांच्यापाशी?”

“खेळतात,” मी म्हटलं. “पुष्कळ खेळतात. मोठं मैदान आहे.”

बाया हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली, पडलेल्या दातावर हात न ठेवता. “मंग झालं,” ती म्हणाली. “कुटं तरी खेळत्यात न्हवं.”